रेडिओने ऐकलेला संगणक

शाळेत विज्ञान प्रदर्शन असले की एखादा विद्यार्थी हमखास सर्किट घेऊन येतो. प्लायवूडच्या फळीवर तारा, दोन-तीन ट्रान्झिस्टर आणि एक दिवा. तो कळ दाबतो आणि दिवा लागतो. पाहणारे मान डोलावतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात, "छान आहे, पण याचा उपयोग काय?" मुलगा गप्प होतो. बहुतेक वेळा शिक्षकही.

हा प्रश्न १९७५ साली अमेरिकेतल्या काही हौशी मंडळींनाही छळत होता. त्यांच्यापैकी एकाने त्याला जे उत्तर दिले, ते आपल्या वर्गात समजावून सांगण्याजोगे आहे. त्या उत्तरात विद्युतचुंबकीय लहरी आहेत, रेडिओचे तत्त्व आहे, सरगमचे गणित आहे, आणि प्रात्यक्षिक कसे करावे याचा धडाही आहे.

पडदा नाही, कळफलक नाही

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर एका खोक्याचे चित्र होते. नाव 'अल्टेअर ८८००'. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क या गावची एमआयटीएस नावाची छोटी कंपनी हा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपात सुमारे ४०० डॉलरला विकत होती. भाग घरी न्यायचे, सोल्डरिंग करायचे आणि संगणक उभा करायचा. संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीत ठेवलेले, मोठ्या संस्थांनाच परवडणारे यंत्र अशी तेव्हाची समजूत होती. त्यामुळे मागण्यांचा नुसता पाऊस पडला.

पण हातात आलेला संगणक कसा होता? त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. दर्शनी भागावर छोट्या खटक्यांची एक रांग आणि लाल एलईडी दिवे, एवढेच. खटका वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. आठ खटके हवे तसे लावायचे, आणखी एक खटका दाबून ती संख्या स्मृतीत टाकायची, मग पुढची संख्या. सगळा प्रोग्रॅम असाच एकेक संख्येने भरायचा. मूळ संचातली स्मृती अवघी २५६ बाइटची. उत्तर यायचे तेही दिव्यांच्या उघडझापीतूनच. दोन संख्यांची बेरीज करायला एवढा खटाटोप! "याचा उपयोग काय?" हा प्रश्न इथे चांगलाच बोचरा होता.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये अशा तीसेक हौशी लोकांची पहिली बैठक झाली. हाच पुढे 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' म्हणून प्रसिद्ध झाला. पहिल्या बैठकीला स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक हजर होते. पुढच्याच वर्षी त्यांनी 'अ‍ॅपल-१' याच मंडळींसमोर मांडला. आपली गोष्ट मात्र दुसऱ्या एका सभासदाची, स्टीव्ह डॉम्पिअर यांची आहे.

टेबलावरचा रेडिओ

डॉम्पिअर यांनी आपला अल्टेअर घरी जोडला. संच हाती पडल्यापासून तीसेक तासांत यंत्र चालू झाले. एक दोष मात्र राहिला होता. छापील सर्किटवर एक ओरखडा होता आणि तो सापडायला आणखी सहा तास गेले. ज्यांनी कधी सर्किट जोडले आहे त्यांना या सहा तासांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एके दिवशी ते संख्या क्रमाने लावण्याचा एक प्रोग्रॅम चालवून पाहत होते. शेजारी हवामानाच्या बातम्यांसाठी रेडिओ लावलेला होता. प्रोग्रॅम सुरू झाला की रेडिओतून 'झिप् झिप्' असा आवाज येई, आणि थांबला की आवाजही थांबे. आपण अशा वेळी काय करतो? रेडिओ दूर सरकवतो. डॉम्पिअर यांनी तो तिथेच ठेवला आणि वेगवेगळे प्रोग्रॅम चालवून कोणत्या प्रोग्रॅमने कोणता आवाज येतो हे पाहायला सुरुवात केली. प्रोग्रॅममधली एखादी संख्या बदलली की आवाजाची पट्टी बदलते, हे त्यांच्या लक्षात आले. मग कोणत्या संख्येला कोणता सूर, याची यादी करणे हे फक्त चिकाटीचे काम उरले.

एप्रिल १९७५ मध्ये मेन्लो पार्कच्याच 'पेनिन्सुला स्कूल' या शाळेत क्लबची बैठक होती. डॉम्पिअर आपला अल्टेअर आणि एक छोटा रेडिओ घेऊन तिथे गेले. काय दाखवणार हे त्यांनी आधी सांगितले नाही. जमिनीवर बसून ते एकेक खटका लावत प्रोग्रॅम भरू लागले. काम संपत आले असताना लांबून आणलेल्या विजेच्या वायरीला खेळणाऱ्या मुलांचा पाय अडकला. वीज गेली आणि स्मृती कोरी झाली. अशा स्मृतीत प्रत्येक १ किंवा ० हा ट्रान्झिस्टरच्या चालू-बंद स्थितीच्या रूपात असतो आणि ती स्थिती टिकायला वीज सतत लागते. डॉम्पिअर यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी त्यांनी रेडिओ संगणकावर ठेवला आणि प्रोग्रॅम सुरू केला. रेडिओतून बीटल्सच्या 'द फूल ऑन द हिल' या गाण्याची चाल ऐकू आली. संगणक आणि रेडिओ यांच्यामध्ये एकही तार नव्हती! गाणे संपले आणि लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मग यंत्राने आणखी एक गाणे वाजवले, 'डेझी बेल'. याची निवड जाणकारांना लगेच कळली. १९६१ साली बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या महाकाय संगणकाकडून हेच गाणे गाऊन घेण्यात आले होते, आणि '२००१ : अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटात 'हाल' नावाचा संगणक बंद पडता पडता हेच गाणे म्हणतो.

संगणकाने संगीत वाजवण्याची ही पहिली वेळ नव्हे. ऑस्ट्रेलियातला सीएसआयआरएसी आणि मँचेस्टरचा फेरँटी मार्क-१ या संगणकांनी १९५१ सालीच धून वाजवली होती. पण त्यांना मुळातच ध्वनिवर्धक जोडलेला होता. अल्टेअरला तसे काहीच नव्हते. मग आवाज आला कुठून?

प्रत्येक तार एक अँटेना

तारेतला विद्युतप्रवाह बदलला की तिच्याभोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात दुसरी तार किंवा वेटोळे असेल तर त्यात विद्युतदाब निर्माण होतो. दहावीच्या पुस्तकातला हा फॅरडेचा नियम. मीडियम वेव्हच्या रेडिओत फेराइटची एक काळी कांडी असते आणि तिच्यावर बारीक तारेचे वेटोळे गुंडाळलेले असते. हीच त्या रेडिओची अँटेना. म्हणजे एका बाजूला बदलत्या प्रवाहाची तार आणि दुसऱ्या बाजूला तो बदल टिपणारे वेटोळे. जोडणी झाली!

संगणकात प्रवाह फार वेगाने बदलतात. अल्टेअरमध्ये इंटेलचा ८०८० हा मायक्रोप्रोसेसर होता आणि त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला २० लाख, म्हणजे २ मेगाहर्ट्झ. प्रोसेसर आणि स्मृती यांना जोडणारा शंभर तारांचा एक मार्ग खोक्याच्या तळाशी पसरलेला होता. प्रत्येक आज्ञेगणिक या तारांवर शून्याचे एक आणि एकाचे शून्य होत असे.

आता एक साधा हिशेब करू. समजा आपण प्रोसेसरला सांगितले, "ही संख्या एकने कमी कर; शून्य झाली नसेल तर परत मागे जा." यात दोन आज्ञा आहेत. ८०८० ला पहिलीसाठी ५ आणि दुसरीसाठी १० ठोके लागतात. एकूण १५. एका ठोक्याला अर्धा मायक्रोसेकंद, म्हणून एका फेऱ्याला ७.५ मायक्रोसेकंद. दर ७.५ मायक्रोसेकंदांनी तारांवर त्याच हालचाली पुन्हा होतात, म्हणजे त्यांची वारंवारता सुमारे १३३ किलोहर्ट्झ झाली.

पण मीडियम वेव्हचा पट्टा तर साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झचा. १३३ तिथे कसे पोचणार? उत्तर सोपे आहे. हा बदल संथ लाटेसारखा होत नाही. तो पायरीसारखा, एकदम होतो. असा टोकदार बदल म्हणजे मूळ वारंवारता आणि तिच्या दुपटी, तिपटी, चौपटी यांची बेरीज असते. या पटींना आपण हार्मोनिक म्हणतो. तंबोऱ्याच्या एका तारेतून अनेक स्वर ऐकू येतात, त्यातलाच हा प्रकार. १३३ ची पाचपट ६६७, सहापट ८००, सातपट ९३३. म्हणजे हा फेरा चालू असताना मीडियम वेव्हवर अनेक ठिकाणी चिमुकली 'केंद्रे' सुरू होतात. त्यांचा पल्ला टेबलापुरताच, एवढेच.

केंद्र मिळाले, आता गाणे

रेडिओ केंद्राची लहर नुसती असून भागत नाही. तिच्या जोरात चढउतार व्हावे लागतात. ए.एम. रेडिओ येणाऱ्या लहरीचा जोर किती आहे एवढेच पाहतो आणि त्या जोराच्या चढउताराचे आवाजात रूपांतर करतो. जोर सेकंदाला २६१ वेळा कमीजास्त झाला, तर २६१ हर्ट्झचा सूर ऐकू येतो.

प्रोग्रॅमने हे कसे साधावे? दोन वेगवेगळी कामे घ्यायची. पहिले काम करताना तारांवर अशी हालचाल होते की आपण लावलेल्या वारंवारतेवर लहर जोरकस उमटते. दुसऱ्यात ती क्षीण असते. पहिल्या कामाचे 'न' फेरे, मग दुसऱ्याचे 'न' फेरे, पुन्हा पहिल्याचे. रेडिओला वाटते, लहर ठरावीक वेळाने चढते आणि उतरते आहे. झाला सूर तयार.

पुढचे आकडे डॉम्पिअर यांच्या प्रोग्रॅममधले नाहीत, वर्गात फळ्यावर मांडता यावेत म्हणून मी केलेला हिशेब आहे. दोन्ही कामांचा एक फेरा ७.५ मायक्रोसेकंदांचा आहे असे धरू. मग एका चढउताराला १५ × न मायक्रोसेकंद लागतील. आठ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २५५. न = २५५ घेतल्यास वेळ ३८२५ मायक्रोसेकंद आणि वारंवारता सुमारे २६१ हर्ट्झ. पेटी वाजवणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. ही मधल्या सप्तकातली पांढरी एक!

याला 'सा' मानू. शुद्ध स्वरांची सा शी असलेली गुणोत्तरे ठाऊक आहेत. ग साठी ५/४, प साठी ३/२, ध साठी ५/३, नी साठी १५/८. न जितका लहान तितका सूर उंच, म्हणून २५५ ला या गुणोत्तराने भागायचे.

ग : न = २०४, वारंवारता सुमारे ३२७ हर्ट्झ
प : न = १७०, सुमारे ३९२ हर्ट्झ
ध : न = १५३, सुमारे ४३६ हर्ट्झ
नी : न = १३६, सुमारे ४९० हर्ट्झ

चारही वेळा भागाकार पूर्णांकात आला. रे (९/८) आणि म (४/३) यांचे मात्र तसे होत नाही. त्यांना २२७ आणि १९१ या जवळच्या संख्यांवर समाधान मानावे लागेल. वरच्या सा ची तीच गत. २५५ चे निम्मे १२७.५, अर्धा फेरा करता येत नाही. १२८ घेतला तर सूर सुमारे ०.४ टक्के उतरतो. पूर्णांकांच्या जगात राहणाऱ्या यंत्राला सूर नेमका लावता येत नाही, जवळचा लावता येतो. गणिताच्या तासाला हा प्रश्न जरूर घ्या.

आणखी एक प्रश्न मुलांना विचारा. प्रत्येक स्वराचे १०० चढउतार वाजवले तर सगळे स्वर सारखाच वेळ टिकतील का? नाही. उंच स्वराचे चढउतार लवकर संपतील. अर्धा सेकंद टिकणाऱ्या सा ला सुमारे १३१ चढउतार हवेत, तर प ला १९६. म्हणजे प्रत्येक स्वरासाठी दोन संख्या लागतात, एक पट्टीची आणि एक कालावधीची. स्वरलिपीतही आपण नेमके हेच लिहितो.

वर्गात करून पाहा

मीडियम वेव्हचा पट्टा असलेला जुना रेडिओ मिळवा. एफ.एम. चालणार नाही. एफ.एम. रेडिओ लहरीच्या जोरातले चढउतार मुद्दाम कापून टाकतो आणि फक्त वारंवारतेतला बदल पाहतो. म्हणून तर त्यात खरखर कमी येते.

प्रयोग १. दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा छोटा दिवा आणि लोखंडी कानस एका मंडलात जोडा. तारेचे उघडे टोक कानशीवरून फिरवा. दिवा लुकलुकेल आणि जवळच्या रेडिओतून खर्र असा आवाज येईल. कानशीचे दाते मंडल जोडतात आणि तोडतात. तार भरभर फिरवली की आवाज कसा बदलतो ते ऐका. मंडलात दिवा हवाच, नाहीतर सेल थेट शॉर्ट होऊन तापेल.

प्रयोग २. दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी रेडिओ लावून मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, चालू संगणक यांच्या जवळ न्या. कोणाचा आवाज कसा येतो याची नोंद करा. मग रेडिओ जागच्या जागी फिरवा. फेराइट कांडीची दिशा बदलली की आवाज लहानमोठा होईल. रेडिओ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून पाहा. धातू लहरी अडवतो याचा याहून सोपा पुरावा नाही.

प्रयोग ३. शाळेत आर्डुइनो उनो बोर्ड असेल तर डॉम्पिअर यांचा प्रयोग नव्याने करता येईल. एका पिनला वीतभर तार लावा आणि ती रेडिओजवळ ठेवा. प्रोग्रॅममध्ये १.९ मिलिसेकंद ती पिन शक्य तितक्या वेगाने चालू-बंद करत राहा, मग १.९ मिलिसेकंद काहीच करू नका. हेच पुन्हा पुन्हा. रेडिओचा काटा फिरवत जा. कुठेतरी सा सापडेल. मग काळ बदलून बाकीचे स्वर शोधा. तार मात्र वीतभरच ठेवा. परवान्याशिवाय दूरवर प्रक्षेपण करायला कायद्याने बंदी आहे आणि शेजाऱ्याच्या रेडिओत आपली सरगम घुसवणे बरेही नव्हे. या बोर्डाची कामचलाऊ स्मृतीच २०४८ बाइटची, म्हणजे अल्टेअरच्या मूळ संचाच्या आठपट आहे. शिवाय प्रोग्रॅम वेगळ्या, वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत राहतो. वायरीला कोणाचा पाय अडकला तरी चिंता नाही.

खरखरीची दुसरी बाजू

जे डॉम्पिअर यांच्या हाती संगीत ठरले, ते इतरांना उपद्रव वाटू लागले. घरोघरी संगणक आले तसे शेजारच्या रेडिओ-दूरदर्शनमध्ये व्यत्यय येऊ लागला. १९७९ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने संगणकांतून बाहेर पडणाऱ्या लहरींवर मर्यादा घालणारे नियम केले. टीआरएस-८० मॉडेल-१ हा लोकप्रिय संगणक त्या नियमांत बसेना, म्हणून १९८१ च्या सुरुवातीला त्याचे उत्पादन थांबवावे लागले. आज संगणकाच्या पेटीत आतून धातूचे आवरण आणि वायरीच्या टोकाशी फेराइटचा जाड मणी दिसतो, तो याचसाठी.

या लहरी नुसता त्रास देतात असेही नाही. त्या चुगलीही करतात. १९८५ साली विम व्हान एक या डच संशोधकाने दाखवून दिले, की पडद्यातून बाहेर पडणाऱ्या लहरी दूरवर पकडून त्या पडद्यावरचा मजकूर पुन्हा उभा करता येतो. यंत्राच्या पोटात काय चालले आहे ते बाहेर ऐकू येते, हीच गोष्ट. फक्त ऐकणाऱ्याचा हेतू वेगळा.

प्रात्यक्षिक करणाऱ्यासाठी

प्रदर्शनात सर्किट मांडणाऱ्या किंवा वर्गापुढे बोलणाऱ्या विद्यार्थ्याला या गोष्टीतून तीन सूचना देता येतील. पहिली, आधी दाखवा, मग सांगा. प्रश्न पडण्याआधी दिलेले उत्तर कोणी लक्षात ठेवत नाही. दुसरी, वीज, वायर, सेल यांचा विचार सर्किटाइतकाच काळजीने करा आणि सगळे पहिल्यापासून पुन्हा करावे लागेल असे धरूनच वेळ राखून ठेवा. तिसरी, आवाज कसा आला हे आकड्यांनिशी सांगता आले पाहिजे. चमत्कार आणि प्रयोग यांत फरक एवढाच, की प्रयोग करणारा प्रेक्षकाला स्वतः करून पाहण्याइतकी माहिती देतो. डॉम्पिअर यांनीही आपली पद्धत 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' या वार्तापत्रात लगेच छापून टाकली.

आणि "याचा उपयोग काय?" या प्रश्नाचे काय? त्या दिवशी शाळेत बसलेल्या कोणालाही रेडिओवर गाणे ऐकायला संगणक नको होता. त्यांना दिसले ते वेगळेच. घरात बसून जोडलेले हे यंत्र बनवणाऱ्याच्याही मनात नसलेले काम करू शकते, आणि ते काम कोणते हे आपण ठरवायचे आहे. तेव्हा पुढच्या प्रदर्शनात कोणा मुलाला हा प्रश्न विचारला गेला, तर त्याला त्याच्या सर्किटाजवळ एक रेडिओ ठेवायला सांगा, आणि काय ऐकू येते ते सगळ्यांनी मिळून ऐका.